ताम्र पेप्टाइडे : केशवाढ व शिरोत्वचा

तांब्याचे आयन (विद्युत् भारित अणू) आणि ॲमिनो अम्लांच्या अत्यंत आखूड साखळ्या (पेप्टाइडे) यांच्या संयोगाने बनणाऱ्या जटिल संयुगांचा गट. यांपैकी ग्लायसीन, हिस्टिडीन व लायसीन ही तीन ॲमिनो अम्ले याच क्रमाने जोडली जाऊन बनलेल्या त्रिपेप्टाइडाचे ताम्र जटिल सर्वांत परिचित आहे. हे त्रिपेप्टाइड माणसाच्या रक्तद्रवात (रक्तातील कोशिका वगळून उरणाऱ्या द्रवात), लाळेत व मूत्रात नैसर्गिक रीत्या आढळते. ॲमिनो अम्लांच्या एकाक्षरी चिन्हांवरून त्यास ‘जीएचके’ आणि त्याच्या ताम्र जटिलास ‘जीएचके-सीयू’ म्हणतात. ग्लायसिनाच्या जागी ॲलनीन घालून तयार केलेले ‘एएचके-सीयू’ हे कृत्रिम जटिलही केशवाढीच्या संशोधनात वापरले गेले आहे.

जखमा भरून येणे, त्वचेची दुरुस्ती आणि केसांची वाढ या तीन बाबतींत या संयुगांचा अभ्यास झाला असून शिरोत्वचेस (डोक्याच्या त्वचेस) लावण्याच्या अनेक द्रवांत ती घातली जातात. तांबे केसाला आवश्यक आहे, हे निर्विवाद आहे. ताम्र पेप्टाइडे परीक्षापात्रातील कोशिकांवर परिणाम करतात, हेही प्रयोगांनी दाखविले आहे. पण या दोन गोष्टींवरून टक्कल पडलेल्या डोक्यावर त्यांच्यामुळे केस येतील, असे अनुमान निघत नाही. या तीन विधानांची गल्लत हेच या विषयावरील बहुतेक लोकप्रिय लेखनाचे वैगुण्य आहे. म्हणून येथे त्यांचा स्वतंत्रपणे विचार केला आहे.

तांबे व केस : प्रौढ माणसाच्या शरीरात सु. १०० मिग्रॅ. तांबे असते आणि रोजच्या आहारातून सु. १ ते २ मिग्रॅ. तांबे मिळाले, तरी गरज भागते. एवढ्याशा धातूवर अनेक एंझाइमांचे (जीवरासायनिक विक्रियांत मदत करणाऱ्या प्रथिनांचे) कार्य अवलंबून असते. केसाचा रंग ज्या मेलॅनीन या रंगद्रव्यामुळे येतो, ते तयार करणारे टायरोसिनेज हे एंझाइम ताम्रयुक्त आहे. त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजन व इलॅस्टिन या प्रथिनांचे धागे एकमेकांस सांधणारे लायसिल ऑक्सिडेज हेही ताम्रयुक्तच आहे. केसातील केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या अणूंमधील बंधांनी परस्परांना जखडलेल्या असतात. हे बंध नीट तयार होण्यासाठीही तांब्याची गरज असते.

याचा पुरावा प्रथम माणसाच्या केसात नव्हे, तर मेंढीच्या लोकरीत मिळाला. पश्चिम ऑस्ट्रेलियातील काही कुरणांच्या मातीत तांबे फार कमी आहे. तेथील कोकरांना होणारा लुळेपणा तांब्याच्या अभावामुळे येतो, हे १९३० नंतरच्या दशकात एच. डब्ल्यू. बेनेट्स यांनी दाखविले. अशा कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्यांच्या लोकरीचा नैसर्गिक कुरळेपणा नाहीसा होऊन ती सरळ, चकचकीत आणि ताणास कमजोर बनते. तिला तेथील मेंढपाळ ‘पोलादी लोकर’ म्हणत. काळ्या मेंढीच्या लोकरीत तर अभावाच्या काळात वाढलेला भाग पांढरा पडतो आणि तांबे मिळू लागताच पुन्हा काळी लोकर येते. एकाच धाग्यावर पांढरे-काळे पट्टे उमटून प्राण्याच्या आहाराचा इतिहासच जणू नोंदला जातो.

या माहितीचा उपयोग पुढे मानवी वैद्यकात अनपेक्षितपणे झाला. न्यूयॉर्क येथे जॉन मेंकेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये एका कुटुंबातील मुलग्यांच्या आनुवंशिक रोगाचे वर्णन केले होते. त्यात मेंदूचा ऱ्हास होई आणि डोक्यावरचे केस विरळ, फिकट, पिळवटलेले व ठिसूळ असत. १९७२ मध्ये मेलबर्न येथील बालरोगतज्ज्ञ डेव्हिड डँक्स यांना या केसांचे ‘पोलादी लोकरी’शी असलेले साम्य जाणवले. त्यांनी अशा बालकांचे रक्त तपासले असता तांब्याचे प्रमाण फार कमी आढळले. आतड्यात शोषलेले तांबे पुढे वाहून नेणारे प्रथिन सदोष असल्यामुळे हा रोग होतो. त्या प्रथिनाचे जनुक १९९३ मध्ये ओळखण्यात आले. जेथे मेंढपाळांचे ज्ञान डॉक्टरांच्या उपयोगी पडले, अशा थोड्या उदाहरणांपैकी हे एक आहे.

तथापि मेंकेस रोगातील केस आणि सर्वसाधारण पुरुषी टक्कल यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यात तांब्याचा खरोखर अभाव असतो. दुसऱ्यात तसा अभाव हे कारण नसते. पुरुषी टकलात कपाळालगतचे व डोक्याच्या माथ्यावरचे केस जातात, पण कानांच्या वरचे व मानेजवळचे केस टिकतात. दोन्ही भागांना रक्त एकच मिळते आणि त्या रक्तातील तांबेही एकच असते. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्रीच यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मागच्या बाजूच्या केशपुटकांचे (ज्या सूक्ष्म पिशवीसारख्या खळगीतून केस उगवतो त्या रचनांचे) टकलाच्या जागी रोपण केले, तेव्हा तेथेही त्यांतून केस वाढत राहिले. यावरून दोष रक्तात नसून त्या त्या केशपुटकाच्या घडणीत असतो, हे स्पष्ट झाले. आजच्या केशरोपण शस्त्रक्रियेचा पायाही हाच आहे. आहारातील अथवा तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यातील तांब्याने टक्कल थांबेल, या समजुतीला या कारणास्तव आधार नाही.

शोध : जीएचकेचा शोध केसांच्या संदर्भात लागलेला नाही. सॅन फ्रॅन्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरन पिकर्ट हे रक्तद्रवातील प्रथिनांचा यकृतावर होणारा परिणाम अभ्यासत होते. वृद्धांच्या यकृतातील ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) तरुणांच्या रक्तद्रवात ठेवले असता त्यातील प्रथिननिर्मिती तरुण ऊतकाप्रमाणे होऊ लागते, असे त्यांना आढळले. हा गुण कशामुळे येतो, याचा शोध घेताना अल्ब्युमीन या प्रथिनासोबत असणारे एक लहानसे त्रिपेप्टाइड हाती लागले. पिकर्ट व एम. एम. थेलर यांनी १९७३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. ते तांब्याशी घट्ट संयोग पावते आणि कोशिकेत तांबे पोहोचविण्यास साहाय्य करीत असावे, ही कल्पना १९८० मध्ये पिकर्ट व सहकाऱ्यांनी मांडली.

पिकर्ट यांच्या मापनानुसार विशीतील माणसाच्या रक्तद्रवात हे त्रिपेप्टाइड दर मिलिलिटरमागे सु. २०० नॅनोग्रॅम (१ नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग) असते आणि साठीच्या सुमारास ते सु. ८० पर्यंत उतरते. वयोमानानुसार होणारी ही घट या संयुगाच्या सर्व प्रचारात अग्रस्थानी असते. केसांपुरता विचार केल्यास मात्र तिचा आधार डळमळीत वाटतो. कारण पुरुषी टकलाची सुरुवात पुष्कळदा ऐन विशीत, म्हणजे हे प्रमाण सर्वाधिक असतानाच होते.

रचना : तांब्याचा द्विसंयुजी आयन या त्रिपेप्टाइडातील नायट्रोजनाच्या तीन अणूंनी पकडलेला असतो. त्यांपैकी एक ग्लायसिनाच्या टोकाचा, दुसरा ग्लायसीन व हिस्टिडीन यांमधील पेप्टाइड बंधाचा आणि तिसरा हिस्टिडिनाच्या वलयातील असतो. चौथी जागा पाण्याच्या किंवा शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजन अणूने भरली जाते. लायसिनाची लांब शाखा मोकळी राहते. जटिलाचा रेणुभार सु. ४०३ असून त्याचा विद्राव निळा ते जांभळट निळा दिसतो. तांबे घट्ट धरलेले असले, तरी ते कायमचे अडकलेले नसते. मुक्त ताम्र आयन कोशिकेला घातक ठरू शकतो. पेप्टाइडाच्या पकडीत तो सौम्य बनतो आणि गरजेच्या ठिकाणी सोडला जाऊ शकतो, अशी या संयुगाच्या उपयुक्ततेमागील कल्पना आहे.

हाच ‘ग्लायसीन-हिस्टिडीन-लायसीन’ क्रम कोलॅजनाच्या एका साखळीतही सापडतो. फ्रान्समधील एफ. एक्स. माकार व सहकारी यांनी १९८८ मध्ये दाखविले की, जीएचके-सीयूमुळे त्वचेतील तंतुजनक कोशिकांची (कोलॅजनादी तंतू तयार करणाऱ्या कोशिकांची) कोलॅजननिर्मिती वाढते. जखम झाल्यावर कोलॅजनाचे तुकडे होताना हे त्रिपेप्टाइड सुटे होऊन दुरुस्तीचा संदेश देत असावे, अशी त्यांची अटकळ होती. कोशिकांबाहेरच्या एस-पी-ए-आर-सी या दुसऱ्या एका प्रथिनाच्या विघटनाने सुटणारी ताम्रबंधक पेप्टाइडे नव्या केशवाहिन्यांच्या (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या) वाढीस चालना देतात, असे १९९४ मध्ये आढळले. केशवाहिनी या शब्दाचा येथे डोक्यावरील केसांशी संबंध नाही, हे सांगणे अनावश्यक ठरू नये.

केशपुटकावरील प्रयोग : माणसाच्या डोक्यावर सु. एक लाख केस असतात. प्रत्येक केशपुटक स्वतंत्रपणे एका चक्रातून जाते. वाढीची अवस्था दोन ते सहा वर्षे टिकते. मग दोन-तीन आठवड्यांची संक्रमणावस्था व सु. तीन महिन्यांची विश्रामावस्था येऊन जुना केस गळतो. निरोगी डोक्यावरून रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. पुटकाच्या बुडाशी अंतस्त्वचेतील कोशिकांचा एक पुंजका असतो, त्यास केशांकुरक म्हणतात. पुटक किती मोठे होणार व वाढीची अवस्था किती टिकणार, हे मुख्यतः त्याच्याकडून येणाऱ्या संदेशांवर ठरते. पुरुषी टकलात टेस्टोस्टेरोन या पुरुषी हॉर्मोनापासून बनलेल्या डायहायड्रोटेस्टोस्टेरोनाच्या प्रभावाने पुटके चक्रागणिक आकसत जातात आणि जाड, लांब केसाऐवजी लवेसारखा बारीक केस येऊ लागतो. पुटक नष्ट झालेले नसते, ते खुजे झालेले असते. म्हणूनच उपचार जितका लवकर, तितका त्याचा लाभ अधिक असतो.

१९९० च्या सुमारास ताम्र पेप्टाइडांचे परीक्षण या दृष्टीने सुरू झाले. जखमेवर हे संयुग लावले असता कडेच्या त्वचेतील केशपुटके मोठी झालेली दिसतात, हे निरीक्षण त्यास निमित्त झाले. पिकर्ट, विस्कॉन्सिन येथील हिदेओ ऊनो व इतरांनी १९९१ मध्ये विशिष्ट वाणाच्या उंदरांत अशा जटिलांमुळे केशपुटके उत्तेजित होत असल्याचे नोंदविले. ऊनो व एस. कुराता यांनी १९९३ च्या निबंधात निरनिराळ्या केशवर्धक द्रव्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले. त्यात विरळ व आखूड केसांच्या ‘फझी’ जातीच्या घुशीवजा उंदरांवर ताम्र पेप्टाइड लावले असता पुटकांचा आकार वाढला आणि ही वाढ मिनॉक्सिडिलाने होणाऱ्या वाढीसारखी होती, असे म्हटले आहे. पुढील अनेक जाहिरातींचे मूळ याच एका वाक्यात आहे. मूळ निबंधातील तुलना उंदरांच्या पाठीच्या त्वचेपुरती होती. तिचे रूपांतर ‘ताम्र पेप्टाइड मिनॉक्सिडिलाइतकेच गुणकारी’ असे होताना उंदीर वगळला गेला.

उंदरांवरील निष्कर्ष जपून का वापरावे लागतात, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे इष्ट आहे. प्रयोगासाठी निवडलेल्या वाणाच्या तरुण उंदरांत पाठीवरील सर्व पुटके जवळजवळ एकाच वेळी विश्रामावस्थेत असतात. त्या वेळी केस कापून त्वचेवर द्रव्य लावतात आणि त्वचा गुलाबी रंगावरून करडी केव्हा होते, हे पाहतात. हा रंगबदल म्हणजे वाढीची अवस्था सुरू झाल्याची खूण होय. परंतु अशा त्वचेत ही अवस्था केस उपटल्याने, ओरखड्याने किंवा द्रव्याच्या साध्या दाहानेही सुरू होऊ शकते. शिवाय तेथे जी पुटके झोपलेली आहेत, ती काही दिवसांनी आपोआप जागी होणारच असतात. माणसाच्या टकलातील पुटक झोपलेले नसून खुजे झालेले असते आणि त्याचे कारण हॉर्मोनाला दिलेला प्रतिसाद हे असते. उंदराला तसे टक्कल पडतच नाही. आखूड शेपटीचे मकाक माकड याला अपवाद आहे. वयात आल्यावर त्याच्या कपाळावरचे केस माणसासारखेच जातात आणि म्हणून ऊनो यांनी मिनॉक्सिडिलाचे महत्त्वाचे प्रयोग त्याच्यावर केले.

मानवी पुटकावरील उल्लेखनीय काम सेऊल राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांचे आहे. ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेत काढलेली केशपुटके पोषक द्रवात जिवंत ठेवून त्यांनी त्यात एएचके-सीयू मिसळले. पुटकांतील केस अधिक लांब झाले आणि केशांकुरकाच्या कोशिकांची संख्या वाढली. कोशिकांच्या आत्मनाशास कारणीभूत होणाऱ्या प्रथिनांचे प्रमाणही बदलले. परिणाम दिसला तो १०⁻¹² ते १०⁻⁹ मोलर अशा अतिसौम्य विद्रावात. माकार यांच्या तंतुजनक कोशिकांतही सर्वाधिक परिणाम १०⁻⁹ मोलरच्या आसपासच होता.

या आकड्यांकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. पण ते बोलके आहेत. १०⁻⁹ मोलर म्हणजे एका लिटरमध्ये जीएचके-सीयूचा सु. ०·४ मायक्रोग्रॅम. याउलट १ टक्का प्रमाणाच्या द्रवात लिटरमागे १० ग्रॅम, म्हणजे सु. अडीच कोटी पट संयुग असते. त्यातील किती अंश पुटकाच्या बुडापर्यंत पोहोचतो, यावर सर्व अवलंबून आहे. आणि अधिक प्रमाण अधिक गुणकारी असे येथे गृहीत धरता येत नाही. दुसरी बाजू अशी की, पिकर्ट यांनी दिलेले विशीतील प्रमाण मोलर मापात १०⁻⁹ च्या जवळजवळ सहाशे पट आणि साठीतील प्रमाणही दोनशे पटींहून अधिक भरते. रक्तातील त्रिपेप्टाइडाचा काही भागच तांब्यासह व मुक्त असणार, हे खरे. तरीही ज्या पुटकाला रक्तातूनच हे संयुग मिळते, त्याला बाहेरून आणखी का लागावे, हा प्रश्न उरतोच.

त्वचेतून प्रवेश : त्वचेचा सर्वांत बाहेरचा शृंगस्तर (मृत, चपट्या कोशिकांचा थर) हा उत्तम तट आहे. सामान्यतः रेणुभार ५०० च्या आत असलेली व स्निग्ध पदार्थांत विरघळणारी द्रव्ये तो ओलांडू शकतात. जीएचके-सीयू यांपैकी पहिली अट पूर्ण करते. दुसरी करीत नाही, कारण ते पाण्यात सहज विरघळणारे व विद्युत् भारित आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी त्वचेवर केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तांबे त्वचेतून पार होत असल्याचे व त्वचेत साठत असल्याचे दिसून आले. मोजलेले तांबे पेप्टाइडाच्या पकडीतच होते की सुटे झालेले होते, हे अशा प्रयोगात ठरविणे कठीण असते. त्वचेतील एंझाइमे त्रिपेप्टाइडाचे तुकडे करू शकतात, ही अडचण वेगळीच. प्रवेश वाढविण्यासाठी संयुगास स्निग्ध अम्लाचे शेपूट जोडणे, मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत ते भरणे आणि बारीक सुयांनी त्वचेस छिद्रे पाडणे असे उपाय योजले जातात. यांतील शेवटचा उपाय स्वतःच पुटकांना काही प्रमाणात चालना देतो. त्यामुळे दोन्ही एकत्र वापरल्यास श्रेय कोणाचे, हे सांगता येत नाही.

कार्यपद्धतीविषयीच्या कल्पना : केशांकुरकातील वाढकारक घटकांची निर्मिती, पुटकाभोवतीच्या रक्तवाहिन्यांची वाढ, दाहाचे शमन आणि कोलॅजनाची दुरुस्ती अशा मार्गांनी ताम्र पेप्टाइडे कार्य करीत असावीत, असे मानतात. तांब्यामुळे ५-अल्फा रिडक्टेज या एंझाइमाचा रोध होऊन डायहायड्रोटेस्टोस्टेरोनाची निर्मिती घटते, असेही वारंवार सांगितले जाते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही धातूंच्या आयनांनी या एंझाइमाच्या पहिल्या प्रकाराचा रोध केल्याचे आढळले होते, हे खरे. पण पुरुषी टकलाशी प्रामुख्याने संबंध आहे तो दुसऱ्या प्रकाराचा. ज्यांच्यात हा दुसरा प्रकार जन्मतः नसतो, अशी डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबे १९७४ मध्ये ज्ञात झाली व त्या पुरुषांना टक्कल पडत नाही असे दिसले. फिनॅस्टेराइड हे औषध याच प्रकारावर कार्य करते. तेव्हा मुक्त आयनाने पहिल्या प्रकाराचा केलेला रोध हा पेप्टाइडबद्ध तांब्याच्या केशवर्धक गुणाचा पुरावा ठरत नाही.

जीएचकेमुळे हजारो जनुकांचे कार्य बदलते, असा निष्कर्ष संगणकीय माहितीसाठ्यांच्या आधारे काढण्यात आला आहे. तो रंजक आहे, पण संवर्धित कोशिकांवरील मोजमापांतून तो निघालेला असल्याने शिरोत्वचेबाबत त्यावरून काही ठरविता येत नाही.

माणसांवरील चाचण्या : पिकर्ट यांनी स्थापन केलेल्या प्रोसाइट या अमेरिकन कंपनीने दोन दिशांनी काम केले. जीएचके-सीयू असलेले जेल मधुमेही रुग्णांच्या पायांवरील व्रणांसाठी तपासण्यात आले व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते. परंतु ते या व्रणांवरील औषध म्हणून मान्यतेपर्यंत पोहोचले नाही. केसांसाठीचे ‘ट्रायकोमिन’ हे द्रव्यही १९९० नंतरच्या दशकात प्राथमिक चाचण्यांपर्यंत जाऊन अखेर औषधाऐवजी सौंदर्यप्रसाधन म्हणून विक्रीस आले. केशरोपणानंतर डोक्यावर ठेवण्याच्या ओल्या पट्ट्यांतही हे संयुग वापरण्यात आले. खपल्या लवकर गळाव्यात व जखम लवकर भरावी, हा तेथील हेतू होता. २००५ मध्ये ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

दक्षिण कोरियात झालेली व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी अनेकदा उद्धृत केली जाते. पुरुषी टक्कल असलेल्या ४५ पुरुषांचे तीन गट करून दोन गटांना निरनिराळ्या तीव्रतेचे द्रव्य व तिसऱ्यास औषधविरहित द्रव सहा महिने देण्यात आला. द्रव्य मिळालेल्या गटांत केसांची संख्या अधिक वाढली. मात्र ते द्रव्य म्हणजे ५-अमिनोलेव्हुलिनिक अम्ल व जीएचके यांचे संयुक्त रूप होते. ताम्र जटिल नव्हते. त्यामुळे तिचा आधार ताम्र पेप्टाइडांसाठी घेणे सयुक्तिक नाही.

मोठ्या संख्येच्या रुग्णांवर, दीर्घकाळ, केवळ ताम्र पेप्टाइडाची मिनॉक्सिडिलाशी व औषधविरहित द्रवाशी तुलना करणारी आणि रुग्ण व तपासनीस दोघांनाही कोणास काय मिळाले हे अज्ञात ठेवणारी चाचणी या संयुगांच्या वाट्यास आलेली नाही. याचे कारण केवळ शास्त्रीय नाही. नैसर्गिक त्रिपेप्टाइडावर व्यापक स्वामित्वहक्क मिळविणे अवघड असते; आणि जे प्रसाधन म्हणून चाचणीशिवाय विकता येते, त्यासाठी अशा चाचणीचा प्रचंड खर्च कोणी सहसा करीत नाही. तुलनेसाठी पाहता, रक्तदाबावरील औषध म्हणून आलेल्या मिनॉक्सिडिलाच्या बाह्य वापरास अमेरिकेत १९८८ मध्ये आणि फिनॅस्टेराइडाला १९९७ मध्ये पुरुषी टकलासाठी मान्यता मिळाली, ती अशा चाचण्यांनंतरच. ताम्र पेप्टाइडांवर वर्ष-दोन वर्षे घालविणाऱ्या तरुणाचे खरे नुकसान पैशाचे नसते. त्या काळात त्याची पुटके आणखी आकसलेली असतात.

शिरोत्वचेचे आरोग्य : येथे दावा तुलनेने माफक आहे आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय. तंतुजनक कोशिकांत दाहकारक संदेशद्रव्यांचे प्रमाण जीएचके-सीयूमुळे घटते, असे दिसून आले आहे. ओरखडे, रोपणानंतरच्या जखमा किंवा कोरडी, चुरचुरणारी त्वचा यांत त्याचा काही उपयोग होणे संभवनीय आहे. कोंड्याचे मात्र तसे नाही. कोंड्यात मालासेझिया या कवकाचा (बुरशीसारख्या सजीवाचा) संबंध असतो. त्यावर कीटोकोनॅझोल, सिलेनियम सल्फाइड यांसारखी कवकनाशके गुणकारी ठरतात. ताम्र पेप्टाइड त्यांची जागा घेऊ शकत नाही. चाई (गोल चकत्यांत केस जाणे) हा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेच्या विकृतीमुळे होणारा रोग असून त्याचे उपचारही वेगळे आहेत.

कायदा : भारतातील औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० यानुसार स्वच्छता, सौंदर्यवर्धन किंवा रूपबदल यांसाठी शरीरास लावण्याचा पदार्थ म्हणजे सौंदर्यप्रसाधन होय. १९४५ च्या नियमांतील ‘जे’ या अनुसूचीत, जे विकार टाळण्याचा वा बरे करण्याचा दावा औषधाने करू नये, अशांची यादी आहे. तिच्यात टक्कल, अकाली केस पिकणे आणि केसांचा रंग बदलणे व नवे केस उगवणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळेच वेष्टनांवर ‘केस दाट दिसतात’, ‘मुळांना पोषण मिळते’ अशी सांभाळून केलेली वाक्यरचना आढळते. ‘दिसतात’ या क्रियापदाकडे ग्राहकाने लक्ष द्यावे.

गुणधर्म व सुरक्षितता : बाह्य वापरात ही संयुगे सामान्यतः निर्धोक आढळली आहेत, क्वचित खाज, लाली किंवा ॲलर्जी होते. टोचून देण्याच्या वापराला औषध म्हणून मान्यता नाही आणि त्याची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. विल्सन रोगात (यकृत व मेंदू यांत तांबे साठत जाणाऱ्या आनुवंशिक रोगात) कोणतेही ताम्रयुक्त द्रव्य वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये. जटिल आम्लधर्मी विद्रावात टिकत नाही. त्यातील तांबे सुटते. ॲस्कॉर्बिक अम्लाबरोबर (क जीवनसत्त्वाबरोबर) ते लावल्यास तांब्याचे क्षपण होऊन कोशिकांस अपायकारक मुक्त मूलके निर्माण होऊ शकतात. ईडीटीएसारखी द्रव्ये पेप्टाइडाकडून तांबे हिरावून घेतात. चांगल्या विद्रावाचा रंग निळा असतो व तो हिरवट किंवा तपकिरी होणे हे विघटनाचे लक्षण समजावे. मात्र निळ्या रंगावरून त्यात पेप्टाइड आहे असे सिद्ध होत नाही, कारण साध्या ताम्र लवणाचा विद्रावही निळाच असतो. सुटे तांबे केराटिनास चिकटते. पोहण्याच्या तलावातील शेवाळनाशक ताम्र लवणांमुळे सोनेरी केसांच्या लोकांचे केस हिरवट होतात, ते याच कारणाने. काळ्या केसांवर हा रंग उमटून दिसत नाही. पांढऱ्या केसांवर मात्र तो दिसू शकतो.